तू येऊन गेलीस

अमरावती, ११ सप्टेंबर २०२५

संध्या,

जयभीम. घेतलास तर घे, नाही तर कागदावरच राहू दे.

परवा मंगळवारी सकाळी तू अमरावतीला येऊन गेलीस. तुला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून कळवते. तू आईच्या उशाशी बसलीस, तिच्याशी बोललीस आणि तिला समजावून ऑपरेशनसाठी आत पाठवलंस. नागसेननं हे पाहिलं आहे, दवाखान्यातल्या सिस्टरनं पाहिलं आहे, आणि आई तर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे. पुढेमागे अकोल्यात कोणी ओळखीचं भेटून म्हणालं की बरं केलंस बाई, वेळेवर आईजवळ आलीस, तर गडबडून जाऊ नकोस. हो म्हण.

आई वाचली आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पण माझी सांगायची रीत तुला ठाऊक आहे. ऑफिसात साहेबसुद्धा म्हणतात, शालूताई, आधी निकाल सांगा, प्रकरण मागून सांगा.

फोन का केला नाही, असं तू विचारणार नाहीस. बाबा गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनानंतर तू माझा नंबर जो बंद केलास तो बंदच आहे. पोस्टमनला मात्र असं बंद करता येत नाही. तुझ्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून सहदेवरावांच्या फुलांच्या दुकानावर पाठवते आहे.

झालं असं. रविवारी भाद्रपद पौर्णिमा होती. वर्षावासात आई दर पौर्णिमेला अष्टशील घेते, ते तू असतानाही घ्यायची. सकाळीच पांढरं पातळ नेसून विहारात जायचं आणि दुपारी बारानंतर अन्नाला शिवायचं नाही. आता तिचं ते फारच कडक झालं आहे. आदल्या दिवशीही धड जेवत नाही. आषाढापासून तिच्या उजव्या कुशीत दुखत होतं, हे मला आता कळतं आहे. सांगितलं तर मी अष्टशील बंद करीन म्हणून तिनं तोंड मिटून अंगावर काढलं.

रविवारी दुपारी विहारात वाचन चालू असताना ती एकदम पोट धरून वाकली आणि तिला उलटी झाली. बायका म्हणाल्या, उपाशीपोटी पित्त उसळलं. मलाही तेच वाटलं. घरी आणलं. शेजारच्या पार्बताबाईनं कोमट तेल घेऊन पोट चोळून दिलं. गावातल्या निम्म्या बायांची पोटं तिनं आजवर चोळली आहेत, एवढी हुकमी बाई. आई दात दाबून पडून राहिली, आणि मी स्वयंपाकघरात लिंबू पिळत होते.

सोमवारी अंगात ताप आणि अशी हुडहुडी, की खाट वाजायला लागली. डोळे पिवळट दिसत होते. दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला तेव्हा आई अशी ओरडली, की मी तो आवाज अजून कानातून काढू शकले नाही. "हे पोट चोळलं कोणी?" डॉक्टरांनी विचारलं. पार्बताबाई माझ्यासोबत आली होती, ती भिंतीकडे पाहत उभी राहिली. पित्ताशयात खडे होते, त्यात पू झाला होता आणि ते फुटायच्या बेतात आलं होतं. दुर्बिणीनं जमेल की पोट उघडावं लागेल ते आत गेल्यावरच कळेल, म्हणाले. वय पाहता शब्द देत नाही, असंही म्हणाले.

आणि आई म्हणाली, "संध्या आल्याबिगर मी आत जात नाही."

बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं नव्हतं. घरात तुझा फोटो नाही. तुझं ताट, तुझी उशी, सगळं केव्हाच कोणाकोणाला देऊन झालं. आणि बाईनं नाव असं घेतलं, की जणू रोजच घेते.

मी सहदेवरावांना फोन लावला. त्यांनी उचलला, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांग. म्हणाले, "ताई, ते हिवरखेडले शेतावर गेली. फुलाची तोडणी चालू आहे. तिथं रेंज येत नाही. मी सांगतो तिले." आवाज खाली होता. त्यांनी तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असेल आणि तरी तू आली नसशील, तर ते मला कळवू नकोस.

मंगळवारी सकाळी आई हातातली सुई उपटायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, पण आजी अशा धडपडत असतील तर भूल देणं अवघड आहे, त्यांना शांत करा. नागसेन परतवाड्याहून पहिल्या बसनं आला होता. वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प करणारा आपला भाऊ, आईपुढे हात जोडून उभा होता. मग त्यानंच मला बाजूला घेतलं. "ताई, तोंडाले मास्क लाव अन् तूच जाय ना. तिले चष्म्याबिगर दिसते कुठी?"

मी गेले. अंगात हिरवा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. बोलायच्या आधी तू घसा साफ करतेस ना, तसा केला. आणि म्हणाले, "माय वं."

मी जन्मात तिला माय म्हटलेलं नाही. मी आई म्हणते, तू माय म्हणायचीस. पण तो आवाज अगदी सहज निघाला. पेटीच्या तळाशी घडी करून ठेवलेलं जुनं पातळ हाती लागावं, तसा तो माझ्या आत कुठेतरी पडून होता.

आई एकदम थांबली. "आली का वं?"

"आली, माय."

"कशानं आली?"

"एसटीनं."

"जेवली का?"

मरण दारात उभं, आणि ही विचारते जेवली का. मी म्हटलं, जेवली. तिनं माझा हात धरला, उलटा केला, तळवा कितीतरी वेळ चाचपला. मग बोलायला लागली. काय बोलली ते आज लिहवत नाही.

पोट उघडावंच लागलं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली तेव्हा मी मास्क काढून शालू होऊन बसले होते. तिनं पहिलं विचारलं, "संध्या गेली का?"

"गेली. तोडणी आहे त्यांची."

"पुन्हा येतो म्हणाली का?"

मी हो म्हटलं. म्हणजे तू येणार आहेस. शब्द मी दिला आहे, पण तो तुझा आहे.

शालू

*

अमरावती, २० सप्टेंबर २०२५

संध्या,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे कोणीतरी घेतलं. तू असशील असं धरून चालते.

आईला घरी आणलं. टाके निघाले. जेवण अजून पातळच आहे, मुगाचं पाणी आणि भाताची पेज, तेलाचा थेंब नाही. त्यामुळे ती माझ्यावर रुसलेली असते. डॉक्टरांनी पित्ताशयातले खडे एका बाटलीत घालून दिले. हरभऱ्याएवढे आहेत, काळपट हिरवे. आईनं ती बाटली दारासमोरच्या फळीवर ठेवायला लावली. विहारातल्या बायका येतात, आधी बाटली पाहतात, मग आईला पाहतात. पार्बताबाई एकदाच आली, बाटलीकडे पाठ करून बसली आणि चहा न घेता गेली. आई तिला म्हणाली, "तू नसतं चोळलं तर मी दवाखान्यात गेलीच नसती. अंगावरच काढलं असतं." हे खरं आहे की आईचं मोठं मन, मला ठरवता येत नाही.

आता जे लिहिते ते वाचून तू मला वेडी म्हणशील.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, औषधाची गोळी घेतल्यावर आईनं डोळे मिटले आणि हाक मारली, "संध्या वं." मी स्वयंपाकघरात होते. गप्प राहिले. तिनं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. मग तिला हुंदका यायला लागला, आणि टाके तर ओले. काय करणार होते मी? घसा साफ केला आणि भिंतीआडून म्हटलं, "काय, माय?"

तेव्हापासून रोज दुपारी तू आमच्या घरी असतेस. मी ऑफिसातून सध्या रजेवर आहे. ऊन अंगणात पांढरं पडलेलं असतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि मी भिंतीला पाठ लावून तुझ्या आवाजात बोलत बसते. आई विचारते, अकोल्यात ऊन कसं आहे. मी म्हणते, अमरावतीपेक्षा जास्त. ती विचारते, सासू बोलते का. तुझी सासू मी चांगली केली आहे, हरकत असेल तर कळव. सहदेवरावांच्या घरात देवघर आहे, ते मी आहे तसंच ठेवलं. आणि त्याच घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आहे. तो तिथे खरंच आहे का गं?

एकदा आईनं विचारलं, "पोरीचं नाव काय ठेवलं वं?" तुला मुलगी झाली हे आम्हाला तिवसा गावच्या लग्नात कोणाकडून तरी कळलं होतं. नाव कळलं नव्हतं. मी म्हटलं, "दूध उतू चाललं, माय." मग उठून रिकामा ओटा पुसत उभी राहिले. जगात एक भाची आहे आणि मला तिला हाक मारता येत नाही. एवढं नाव तरी कळव.

मला भीती वाटायला लागली आहे. काल दळण आणायला गेले, तर चक्कीवाल्याशी बोलायच्या आधी मी घसा साफ केला. आरशात केस विंचरताना भांग तुझ्यासारखा तिरपा पडतो आहे असं वाटतं. मेलेली माणसं घरात फिरतात असं लोक सांगतात, आपला त्यावर विश्वास नाही. पण जिवंत माणूस घरात असं फिरायला लागलं तर त्याला काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी आत जायच्या आधी आई काय बोलली, ते आता सांगते. ते तुझ्यासाठी होतं, माझ्याकडे ठेवून चालणार नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला तू आणि सहदेवराव झेंडूचं भरलेलं क्रेट घेऊन आला होतात. हिवरखेडच्या शेतातला त्या हंगामातला पहिला तोडा होता. मांडवात सगळे पाहुणे होते. आई म्हणाली होती, "देवाले वाहून उरले ते आणले का आमच्या माणसाले?" ते वाक्य तुला पुन्हा वाचायला लावते आहे, त्याबद्दल माफ कर. मी भंतेजींना पाणी देत होते. वळले तेव्हा तुझी पाठ दिसली, आणि फाटकाजवळ खाली ठेवलेलं क्रेट.

ते क्रेट मग कुठे गेलं, हा प्रश्न आम्हा कोणाला कधी पडला नाही. गाईंनी खाल्लं असेल, असं धरून चाललो.

आई माझा हात धरून म्हणाली, "ते फुलं मी उचलले, माय. सगळे गेल्यावर पदरात भरून आत आणले. तुह्या बाबाच्या फोटोपुढं ठेवले. मंग गच्चीवर वाळवले अन् बी धरलं. दर साल लावते. इहारात दर पुनवेले मी नेतो ते तुहेच फुलं आहेत. कोणाले सांगतलं नाही. कोन्या तोंडानं सांगू? तुह्या दारात यावं म्हणलं तर पाय उचलत नाही."

संध्या, अंगणातल्या त्या झेंडूला रोज पाणी मी घालते. मला वाटायचं, बी पार्बताबाईकडचं आहे. इतकी वर्षं एका हातानं तुझी फुलं वाढवत होते आणि मनात तुला नावं ठेवत होते, गर्विष्ठ आहे, बाप गेल्यावर फिरकली नाही.

पहिल्या वर्षी भरगच्च गेंद होते, वाटीएवढे. दरवर्षी घरचंच बी धरून आता फुलं बारीक व्हायला लागली आहेत. मधला गाभा दिसतो. तुला यातलं जास्त कळतं.

आई आणखीही काही बोलली. ते माझ्याबद्दल होतं. तुला त्याचा उपयोग नाही.

शालू

*

अमरावती, २७ सप्टेंबर २०२५

संध्या,

काल दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. नेमकी ती आईची हाक मारायची वेळ होती आणि मी भिंतीशी बसले होते. फोन कानाला लावला आणि "हॅलो" म्हटलं. ते तुझ्या आवाजात निघालं.

पलीकडून कोणी बोललं नाही. मागे क्रेट आपटल्याचे आवाज येत होते आणि एक माणूस कोणाला तरी गोणी नीट शिव म्हणत होता. मग श्वास अडकल्यासारखा झाला आणि फोन बंद झाला. मी लगेच उलट लावला, तर लागला नाही.

ती तूच होतीस ना? आपलाच आवाज दुसऱ्याच्या घरातून ऐकू आला म्हणून घाबरलीस का? मी तर रोजच घाबरते.

तो फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. मागच्या पत्रात लपवलं ते सांगून टाकते, म्हणजे तू माझ्याशी बोलायला मोकळी होशील किंवा कायमची बंद होशील.

आई पुढे म्हणाली, "मी एकदा अकोल्याले निघाली होती वं. पिशवी भरली, बस स्टँडवर गेली, गाडी बी लागली होती. मंग शालू आठवली. हापिसातून घरी येईन अन् दाराले कुलूप दिसन. तिले वाटन, आई बी मले सोडून तिच्याकडं गेली. लगन नाही केलं तिनं, लेकरू नाही. माह्याशिवाय कोण आहे तिले? ते वरून दगड आहे, पण आतून लय कच्ची आहे. म्हणून परत आली मी. तिच्यासमोर तुयं नाव बी घेत नाही. तिले सांगू नोको."

मी म्हटलं, नाही सांगत, माय.

मी समजत होते, आईला मी सांभाळते आहे. तिचं औषध मी आणते, तिची पेन्शन मी काढून देते, तिच्या पाठीशी मी उभी आहे. आणि इकडे आई मला सांभाळत बसली होती, आणि माझ्यापायी तुझ्या दारात येऊ शकत नव्हती. मला हे कोणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मला खूप वाईट वाटलं, आणि तिचा रागही आला. माझी कीव करायला मी तिला सांगितलं होतं का?

दसरा आला आहे. दसऱ्याआधी फुलवाल्याला मान वर करायला फुरसत नसते, एवढं मला समजतं. म्हणून आज येच असं म्हणत नाही. पण आई आता रोज विचारते, संध्या समोर काहून येत नाही, भिंतीआडून काहून बोलते. मी सांगते, हाताला काम आहे, माय. हे किती दिवस चालणार?

शालू

*

अमरावती, ४ ऑक्टोबर २०२५

संध्या,

हे शेवटचं पत्र. घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. अंगणात काठी न घेता चालते, आणि काल पार्बताबाईला ओरडून बोलावून घेतलं, चहा पाजला.

काल दसऱ्याचा दुसरा दिवस होता. दुपारी आईनं गोळी घेतली आणि नेहमीसारखी हाक मारली, "संध्या वं." मी घसा साफ केला. "काय, माय?"

ती म्हणाली, "आता बस झालं. इकडं ये, शालू."

मी उठून आत गेले. ती खाटेवर बसली होती, चष्मा लावून.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. संध्याच्या अंगठ्याखाली विळ्याचा वण आहे. लहानपणी गवत कापताना विळा लागला होता. तुह्या हाताले चाचपून पाह्यलं, तर नाही."

मला आठवलं. तिनं माझा तळवा उलटा करून कितीतरी वेळ चाचपला होता, आणि मी समजले होते माया करते आहे.

"मग तरी आत गेलीस?"

"तू इतकं केलं माह्यासाठी. संध्या व्हाले तयार झाली. तुले तिचं नाव बी सोसत नाही असं मले वाटे. मंग म्हणलं, आता मरण आलं तरी चालते."

"आणि ते सगळं बोललीस ते? कुलूप, स्टँड, ते?"

"तुलेच तर सांगायचं होतं, वं. शालूले सांगता येत नाही. शालूले काई सांगाले गेलं की ते इचारते, गोळी घेतली का." मग म्हणाली, "संध्याले सांगू नोको असं म्हणाली असती, तर तू तिले कळवलं नसतं. शालूले सांगू नोको म्हणलं, म्हणून तू ऐकलं."

हे तिचं गणित मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. तू प्रयत्न करून पाहा.

मी विचारलं, "मग रोज दुपारी मला का राबवलंस? घरी आल्यावर तरी सांगायचं. मी भिंतीआड बसून वेडी व्हायची राहिले."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पांघरुणाची किनार सरळ करत बसली. मग म्हणाली, "संध्या झाली की तू गोड बोलते."

मी तिच्या पायथ्याशी बसले. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. तिच्या हाताला अजून सलाईनचे काळे डाग आहेत, त्या हातानं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. बाबा गेले तेव्हाही मी तिच्यासमोर रडले नव्हते. पाहुण्यांची ताटं वाढत होते.

तेव्हापासून घर एकदम रिकामं वाटतं आहे. तू गेलीस ना. आज दुपारी मी सवयीनं भिंतीशी जाऊन बसले. पलीकडून हाक आली नाही. मग आईच म्हणाली, "शालू, तिथं एकटी काय करून राहिली? इकडं येऊन बस." मी जाऊन बसले. मी विचारलं, गोळी घेतली का. दोघी हसलो. तिच्या टाक्यांच्या जागी कळ आली, तरी हसलो.

मग ती म्हणाली, "मले अकोल्याले ने."

नागसेन म्हणतो, गाडी घेऊन येतो. आई म्हणते, एसटीनंच जायचं. त्या दिवशी ती स्टँडवरून परत फिरली होती, तर आता तिथूनच पुढे जायचं, असं तिचं म्हणणं आहे. डॉक्टरांनी जपून जा म्हटलं आहे. म्हणजे उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, बारा तारखेला, सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघू. घराला कुलूप आम्ही दोघी मिळून लावू. आईला ते स्वतःच्या हातानं लावायचं आहे आणि किल्ली माझ्याकडे द्यायची आहे.

तुझं घर कुठे आहे ते मी सहदेवरावांना विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, आणि मी विचारलं नसताना म्हणाले, "रविवारी आमी घरीच असतो, ताई." एवढंच बोलले. तू पत्रं वाचलीस का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पोरीचं नावही विचारलं नाही. ते मी तिलाच विचारीन.

तू काही आमंत्रण दिलेलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझ्यावर उपकार करायला येत नाही. आईला तुला पाहायचं आहे, आणि मला तुझा आवाज तुझ्या तोंडून ऐकायचा आहे, म्हणजे माझा मला परत मिळेल. दाराशी मी माझ्याच आवाजात हाक मारीन. तो जरा करडा आहे, तुला आठवत असेल.

फुलं आईच्या हातात असतील. शनिवारी संध्याकाळी ती स्वतः तोडणार आहे, मला हात लावू देणार नाही म्हणते. बारीक आहेत, सांगितलंच आहे. हिवरखेडच्या भरलेल्या क्रेटपुढे ती अगदीच गरीब दिसतील. पण तू ओळखशील, कारण ती तुमच्याच शेतातून निघालेली आहेत आणि इतकी वर्षं आमच्याकडे राहून घरी येत आहेत.

दार उघडायचं की नाही, ते तुझ्यावर आहे. पाहुण्यांसमोर तू ऐकून घेतलंस, तसं तू आम्हाला सगळ्या गल्लीसमोर ऐकवलंस तरी आई ऐकून घेईल. मी तिला तसं विचारलं, तर म्हणाली, "ऐकीन." तू दार नाहीच उघडलंस, तर आम्ही फुलं उंबऱ्याशी ठेवून दुपारच्या गाडीनं परत येऊ. मग ती उचलायची की नाही, तुझं तू पाहा.

आईनं उचलली होती.

तुझी ताई,
शालू